लिनक्स डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वारंवार कोसळतो: दोष ड्रायव्हरचा की कार्डाचा?

प्रश्न

नमस्कार. गेल्या सहा आठवड्यांपासून माझा लिनक्स डेस्कटॉप आठवड्यातून तीन-चार वेळा ऐन कामात दगा देतो. पडदा काळा होतो, मॉनिटर सिग्नल नसल्याची सूचना दाखवून विझतो, ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागतात, आणि तरीही मागे गाणे लावलेले असेल तर ते वाजतच राहते. कधी कधी पडदा क्षणभर गोठतो, काळा होतो आणि दहा-बारा सेकंदांनी परत येतो, पण थेट लॉगिनच्या खिडकीवर. तोवर उघडे असलेले सगळे काही गेलेले असते.

कार्ड चार वर्षांपूर्वीचे असून ते अ‍ॅमडीजीपीयू ड्रायव्हरवर (कार्डाला काम सांगणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते. त्याला ८ पिनांची दोन सॉकेट आहेत आणि त्याचा कमाल वीजवापर सुमारे २२० वॅट आहे. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा आहे. कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.८, डेस्कटॉप वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेवर. मी दिवसभर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रोग्रॅममध्ये काम करते आणि संध्याकाळी याच संगणकावर चित्रपट पाहते, त्यामुळे कार्डाला विश्रांती अशी फारशी नसते.

आतापर्यंत मी कर्नेल नवा घातला, वेलँड सोडून एक्स११ ही जुनी यंत्रणा वापरून पाहिली, ठिकठिकाणी वाचलेले तीन कर्नेल पॅरामीटर (कर्नेल सुरू होताना द्यायच्या सूचना) ग्रबमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जोडले, पंख्यांवरची धूळ काढली आणि शेवटी लिनक्सचे संपूर्ण वितरण पुसून पुन्हा स्थापित केले. होम फोल्डर तेवढे जुन्यावरून जसेच्या तसे आणले. प्रत्येक उपायानंतर दोन-तीन दिवस बरे जातात, सुटलो असे वाटते, आणि मग रेंडर (दृश्याचे अंतिम चित्र तयार करणे) अर्ध्यावर असताना पडदा पुन्हा काळा होतो. लॉगमध्ये मला एकच ओळ ओळखता आली: "रिंग जीएफएक्स टाइमआउट". ड्रायव्हर सदोष आहे, की कार्डच शेवटच्या घटका मोजते आहे? नवे कार्ड घेण्यापूर्वी हे निश्चित कसे करावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १

नमस्कार. आपण उपायांची यादी सविस्तर दिली हे फार बरे झाले, कारण अडचण त्या यादीतूनच दिसते: इतक्या गोष्टी एकामागोमाग बदलल्यामुळे कशाचा काय परिणाम झाला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून ग्रबमधले ते तिन्ही पॅरामीटर आधी काढून टाकावेत, आणि यापुढे एका वेळी एकच बदल करून तो तारखेसह लिहून ठेवावा.

आता त्या ओळीविषयी. ड्रायव्हर कार्डाला जे काम देतो ते एका रांगेत जाते. तिला रिंग म्हणतात. प्रत्येक कामाला क्रमांक असतो. त्या ओळीत पुढे "सिग्नल्ड" आणि "एमिटेड" असे दोन आकडे असतील: पहिला कार्डाने पूर्ण केलेल्या शेवटच्या कामाचा, दुसरा ड्रायव्हरने सोपवलेल्या शेवटच्या कामाचा. ठरलेल्या मुदतीत पहिला आकडा पुढे सरकला नाही की ड्रायव्हर "टाइमआउट" अशी नोंद करून कार्ड रीसेट करायला घेतो. म्हणजे काम दिले आणि उत्तर आले नाही, एवढेच त्या ओळीवरून कळते. उत्तर का आले नाही, हे तिच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाच्या लॉगमध्ये आणि रीसेटचे पुढे काय झाले यात शोधावे लागते. तापलेले कार्ड, अपुरी वीज, चुकीचा शेडर (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम), मदरबोर्डाच्या स्लॉटमधला सैल संपर्क, या सगळ्यांच्या शेवटी हीच ओळ उमटते. त्यामुळे तिच्यावरून ड्रायव्हरला दोषी ठरवणे घाईचे होईल.

पडदा काळा झाल्यावर आपण संगणक बटण दाबून बंद करत असाल, तर पुन्हा सुरू झाल्यावर "जर्नलसीटीएल -के -बी -१" ही कमांड द्यावी. "-बी -१" म्हणजे मागच्या वेळी संगणक चालू असतानाचा लॉग, आणि "-के" म्हणजे त्यातला केवळ कर्नेलचा भाग. मागचा लॉग सापडत नाही असे उत्तर आले, तर "/व्हार/लॉग" मध्ये "जर्नल" नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे. काही वितरणांत ते नसते, आणि मग लॉग केवळ मेमरीत राहून संगणक बंद होताच नाहीसा होतो.

त्या लॉगमध्ये टाइमआउटच्या वरच्या भागात पुढील गोष्टी शोधाव्यात. "पेज फॉल्ट" (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची नोंद) असे शब्द आहेत का, आणि असल्यास त्यासोबत कोणत्या प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे, नाव आहे. "एईआर" ही अक्षरे असलेल्या ओळी आहेत का. त्या पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या, जोडणीतल्या चुकांच्या नोंदी असतात. आणि टाइमआउटच्या खाली "जीपीयू रीसेट सक्सीडेड" आहे, की रीसेट अर्धवट राहिला आहे. रीसेट यशस्वी होऊनही आपले सगळे प्रोग्रॅम जातात, याचे कारण त्याच ठिकाणी "व्हीरॅम इज लॉस्ट" अशा ओळीत मिळेल: कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेली प्रत्येक गोष्ट रीसेटमध्ये पुसली जाते, आणि बहुतेक प्रोग्रॅम ती पुन्हा उभी करू शकत नाहीत.

आणखी एक काम आत्ताच करून ठेवावे. एसएसएच सुरू करून दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून या डेस्कटॉपवर लॉगिन करता येते का ते तपासावे. गाणे वाजत राहते म्हणजे कर्नेल जिवंत आहे आणि गेला आहे तो फक्त पडदा. अशा वेळी बाहेरून आत शिरून पाहिलेली दोन मिनिटे ही नंतर वाचलेल्या लॉगपेक्षा अधिक सांगून जातात. आत शिरल्यावर "एलएसपीसीआय" ही जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी कमांड देऊन कार्डाची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

बाहेरूनही आत शिरता आले नाही, तरच ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ) धरून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावीत. त्यामुळे डिस्कवरचे लिखाण पूर्ण होते, फाइल सिस्टम केवळ वाचनासाठी उघडी राहते आणि मग संगणक पुन्हा सुरू होतो. "कर्नेल.सिसआरक्यू" या सेटिंगचे मूल्य १७६ असेल तर ही तीन अक्षरे चालतात, १६ असेल तर केवळ एस चालते, आणि १ असेल तर सगळीच चालतात.

उत्तर २

माझ्याकडेही हुबेहूब असाच त्रास होता. कर्नेल पॅरामीटरमध्ये "नोमोडसेट" लिहिल्यापासून एकदाही पडदा काळा झालेला नाही. तुम्हीही करून पाहा.

उत्तर १ देणाऱ्याकडून

वरील सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, परंतु तो कायमचा उपाय म्हणून कोणी स्वीकारू नये. "नोमोडसेट" दिल्यावर कार्डाचा खरा ड्रायव्हर ताबाच घेत नाही. सगळे चित्रण मेसामधील (लिनक्सवरील ग्राफिक्सच्या लायब्ररीमधील) "एलएलव्हीएमपाइप" हा भाग कार्डाऐवजी प्रोसेसरवर करतो. कार्डाला कामच दिले जात नसल्यामुळे ते कोसळत नाही. "जीएलएक्सइन्फो -बी" ही कमांड देऊन रेंडररच्या ओळीत काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसले, तर आपण ग्राफिक्स कार्ड असूनही त्याविना संगणक वापरत आहोत असे समजावे. पडदा अजिबात येत नसताना आत शिरून दुरुस्ती करण्यापुरता हा पॅरामीटर फार मोलाचा आहे, आणि त्याचा उपयोग तेवढाच ठेवावा.

उत्तर ३

ज्यांच्याकडे एनव्हिडियाचे कार्ड आणि त्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, त्यांच्यासाठी थोडी भर घालतो. तिथे लॉगमध्ये "एनव्हीआरएम: एक्सआयडी" अशी ओळ येते आणि तिच्यात एक क्रमांक असतो. ३१ म्हणजे मेमरीतील पेज फॉल्ट, १३ म्हणजे ग्राफिक्स इंजिनातील अपवाद, आणि ७९ म्हणजे कार्ड बसवरून (मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गावरून) नाहीसे झाले. पहिले दोन बहुधा प्रोग्रॅमच्या चुकीकडे निर्देश करतात, जरी हार्डवेअरमुळेही ते येऊ शकतात. ७९ आल्यास मात्र वीज, तापमान आणि स्लॉट यांपासूनच सुरुवात करावी. मूळ प्रश्नातील दोन लक्षणे वाचताना मला हाच फरक आठवला. एका वेळी कार्ड परत येते आणि दुसऱ्या वेळी येत नाही, हे दोन्ही प्रकार एकाच कारणाचे असतील असे गृहीत धरू नये.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. पॅरामीटर काढले, एसएसएच सुरू केले आणि बारा दिवस काहीही न बदलता केवळ नोंदी ठेवल्या. या काळात एकूण सहा वेळा पडदा गेला, आणि उत्तर ३ मधील शंका खरी ठरली. लॉग शेजारी शेजारी ठेवल्यावर ते दोन गटांत सरळ वेगळे होतात.

पहिल्या गटात दोन घटना आहेत. दोन्ही संध्याकाळच्या, दोन्ही चित्रपट पाहताना. टाइमआउटच्या आधी "पेज फॉल्ट" च्या आठ-दहा ओळी एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकीत माझ्या व्हिडिओ प्लेअरच्या प्रोसेसचे नाव आहे. मग टाइमआउट, मग रीसेट यशस्वी, आणि लॉगिनची खिडकी.

दुसऱ्या गटात चार घटना आहेत, चारही ब्लेंडरमध्ये रेंडर सुरू केल्यानंतर पहिल्या काही सेकंदांतल्या. तिथे पेज फॉल्ट नाही, एईआर नाही, टाइमआउटच्या आधी लॉग पूर्ण शांत आहे; नंतर रीसेट सुरू होतो आणि "डिव्हाइस लॉस्ट फ्रॉम बस" या ओळीवर थांबतो. चौथ्या वेळी मी मोबाइलवरून आत शिरले. "एलएसपीसीआय" मध्ये कार्डाच्या ओळीच्या शेवटी एरवी आवृत्तीचा आकडा असतो, तिथे "रेव्ह एफएफ" असे दिसले, आणि सविस्तर माहिती मागितल्यावर "अननोन हेडर टाइप ७एफ" असे उत्तर आले. तापमान मी दुसऱ्या खिडकीत "सेन्सर्स" कमांडने दर सेकंदाला फाइलमध्ये लिहून ठेवत होते. कार्ड गेले त्या क्षणी जंक्शनचे (चिपच्या सर्वांत तापलेल्या जागेचे) तापमान अवघे ६१ अंश होते. कार्ड तापलेले नव्हते, हे त्यामुळे नक्की झाले.

"रेव्ह एफएफ" चा अर्थ काय, आणि इथून पुढे कार्डाकडे पाहावे की मदरबोर्डाकडे?

उत्तर ४

तुमच्या नोंदी वाचून आनंद झाला. मी अनेक वर्षे संगणक दुरुस्त करतो आहे आणि इतक्या नेटक्या नोंदी घेऊन फार थोडी माणसे येतात.

पीसीआय बसवरच्या एखाद्या उपकरणाला प्रश्न विचारला आणि तिथे उत्तर द्यायला कोणीच नसेल, तर वाचलेल्या संख्येतील प्रत्येक बिट १ येतो. सोळाच्या पायावर लिहिले की त्याचेच एफएफ होते. म्हणजे तुमचे कार्ड त्या क्षणी स्लॉटमध्ये असूनही विजेच्या दृष्टीने तिथे नव्हते. ड्रायव्हरने कितीही चूक केली तरी कार्ड असे बसवरून उठून सहसा जात नाही. त्यामुळे दुसऱ्या गटाचे मूळ हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि पहिल्या गटाचा त्याच्याशी संबंध नसावा.

रेंडर सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत, तेही कार्ड थंड असताना कोसळणे, हे वाचल्यावर मी सर्वप्रथम वीज पाहीन. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात आणि ८ पिनांचे प्रत्येक सॉकेट १५० वॅटसाठी असते. तुमचे कार्ड पूर्ण कामात असताना सरासरी २२० वॅटपर्यंत घेते, पण सुस्त पडलेले कार्ड एकदम पूर्ण कामाला लागते तेव्हा काही मिलिसेकंदांपुरती त्याची ओढ सरासरीच्या बरीच वर जाते. "सेन्सर्स" मध्ये दिसणारा आकडा हा काही काळाची सरासरी असतो, म्हणून ही उसळी तिथे कधीच दिसत नाही. तेवढ्या क्षणापुरते कार्डाकडचे व्होल्टेज खाली आले तर कार्ड बंद होते, संगणक मात्र चालू राहतो.

केबिनेट उघडण्याआधी ही शंका बसल्या जागी तपासता येते. "/सिस/क्लास/डीआरएम" मध्ये तुमच्या कार्डाच्या "डिव्हाइस" फोल्डरात "पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल" नावाची फाइल आहे. तिच्यात एरवी "ऑटो" असते. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून "लो" लिहा. कार्ड सर्वांत खालच्या वेगावर बांधले जाईल, काम रखडेल, पण विजेची उसळी राहणार नाही. रेंडरला तिप्पट वेळ लागला तरी आठवडाभर सोसा. संगणक पुन्हा सुरू केला की हे मूल्य जाते, ते पुन्हा लिहावे लागते. दुसरी वाट म्हणजे "एचडब्ल्यूमॉन" फोल्डरातील "पॉवर१_कॅप" मध्ये कमाल वॅट कमी करणे. हा आकडा मायक्रोवॅटमध्ये द्यायचा असतो, आणि "पॉवर१_कॅप_मिन" च्या खाली नवे कर्नेल जाऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे वाव थोडा असतो. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, कारण तिचा निकाल स्पष्ट येतो.

"लो" वर दुसऱ्या गटातील घटना थांबल्या, तर संगणक बंद करून, वीज काढून, कार्डाकडे जाणाऱ्या केबली नीट पाहा. दोन्ही सॉकेटांना पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबली आल्या आहेत, की एकाच केबलीच्या टोकाला दोन कनेक्टर आहेत? दुसरा प्रकार मला सतत दिसतो. त्यात सगळा भार पॉवर सप्लायकडच्या एकाच कनेक्टरच्या पिनांतून जातो. कनेक्टर ओढून काढा आणि उजेडात धरून प्रत्येक भोकात पाहा: प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी झाले आहे का, एखादी पिन आत सरकली आहे का.

"लो" वरही घटना थांबल्या नाहीत, तर कार्ड काढून पुन्हा बसवा, बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी (वेग वाढवणारा) प्रोफाइल बंद करा, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, आणि शक्य असल्यास कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहा. नवे कार्ड घेण्याचा विचार यानंतर करावा.

उत्तर १ देणाऱ्याकडून

हार्डवेअरच्या बाजूविषयी वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्या गटाबद्दल एक प्रश्न: तो व्हिडिओ प्लेअर फ्लॅटपॅकमधून (वितरणाबाहेरून प्रोग्रॅम घेण्याच्या सोयीतून) घेतलेला आहे का? फ्लॅटपॅकमधील प्रोग्रॅम वितरणाची मेसा वापरत नाहीत. त्यांच्या रनटाइमसोबत (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींच्या संचासोबत) मेसाची स्वतंत्र प्रत येते. त्यामुळे वितरणातील मेसा कितीही वेळा अद्ययावत केली, तरी त्या प्लेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. "फ्लॅटपॅक लिस्ट --रनटाइम" मध्ये "जीएल.डिफॉल्ट" असलेल्या ओळीत मेसाची आवृत्ती दिसते. आपण होम फोल्डर जसेच्या तसे आणले असे लिहिले होते. वापरकर्त्यापुरते घेतलेले फ्लॅटपॅक होममध्येच राहतात, म्हणजे वितरण पुसूनही ती जुनी प्रत आपल्यासोबत नव्या स्थापनेत आली असण्याची शक्यता आहे. मात्र आठवडाभर याला हात लावू नये. एका वेळी एकच बदल.

प्रश्नकर्तीकडून

सांगितल्याप्रमाणे क्रमाने केले.

"लो" वर नऊ दिवस काम केले. ब्लेंडरमध्ये रोज रेंडर केले आणि कार्ड एकदाही बसवरून गेले नाही. एरवी इतक्या दिवसांत तीन वेळा तरी गेले असते. याच काळात चित्रपट पाहताना पेज फॉल्टची घटना मात्र दोनदा घडली. दोन आजार वेगळे असल्याची माझी खात्री त्या क्षणी झाली.

दहाव्या दिवशी केबिनेट उघडले. दोन्ही सॉकेटांना एकच केबल होती, टोकाला दोन कनेक्टर असलेली. पॉवर सप्लायकडच्या टोकाला ती ओढून काढली तेव्हा आठ भोकांपैकी एकाच्या कडेला चिंचोक्याच्या रंगाचा डाग होता आणि तिथले प्लास्टिक किंचित फुगलेले होते. आतली पिन शेजारच्या पिनांपेक्षा मागे सरकलेली होती. इतकी वर्षे संगणकाच्या त्या बाजूला मी कधी पाहिलेच नव्हते. पॉवर सप्लायच्या पेटीत आणखी दोन केबली न उघडलेल्या पिशवीत तशाच पडून होत्या. डागाळलेली केबल बाजूला ठेवली, डाग पडलेले सॉकेट रिकामे सोडले, आणि त्याच पॉवर सप्लायसोबत आलेल्या या दोन केबली दोन वेगळ्या सॉकेटांना लावल्या. मग कार्ड "ऑटो" वर आणले आणि दुसरे काहीही बदलले नाही. आज तेविसावा दिवस आहे. त्या गटातील एकही घटना नाही, आणि सर्वांत जड दृश्ये मी मुद्दाम पुन्हा पुन्हा रेंडर केली आहेत.

फ्लॅटपॅकविषयीचा अंदाजही बरोबर निघाला. प्लेअर होम फोल्डरमध्येच होता आणि त्याच्या रनटाइममधील मेसा वितरणातील मेसापेक्षा दोन वर्षे जुनी होती. "फ्लॅटपॅक अपडेट" ही कमांड मी कधी दिलीच नव्हती. केबलीनंतर आठवडा जाऊ दिला, त्या आठवड्यात पेज फॉल्टची आणखी एक घटना नोंदवली, आणि मगच अपडेट केले. त्याला आता सोळा दिवस झाले. अजून तरी काही घडलेले नाही, पण ही घटना मुळातच कमी वेळा येत असल्यामुळे आणखी महिनाभर नोंदी चालू ठेवणार आहे.

एक शंका राहते: या केबलींचा रंग आणि कनेक्टर इतर पॉवर सप्लायच्या केबलींसारखेच दिसतात. उद्या पॉवर सप्लाय बदलला तर याच केबली नव्याला लावल्या तर चालतील का?

उत्तर ४ देणाऱ्याकडून

अजिबात लावू नका. कार्डाकडच्या टोकाची रचना सर्वत्र सारखी असते, पॉवर सप्लायकडच्या टोकाची नसते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. कनेक्टर बसतो म्हणून केबल लावली आणि १२ व्होल्ट जमिनीच्या तारेत गेले, असे झाले तर कार्ड, आणि कधी मदरबोर्डही, पहिल्याच क्षणी जळतो. प्रत्येक पॉवर सप्लायच्या केबली त्याच्यासोबतच ठेवाव्यात. सध्याच्या पॉवर सप्लायवरील डागाळलेल्या सॉकेटावर एक चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे पुढे कोणी नकळत त्यात काही खुपसणार नाही. ती जुनी केबल कापून टाका.

उत्तर १ देणाऱ्याकडून

पेज फॉल्ट पुन्हा आलाच, तर त्या क्षणी एसएसएचने आत शिरून "/सिस/क्लास/डेव्हकोअरडम्प" मध्ये पाहावे. नव्या कर्नेलांत रीसेटच्या वेळी कार्डाची स्थिती तिथे "डेटा" नावाच्या फाइलमध्ये ठेवली जाते, पण कर्नेल ती पाच मिनिटांनी आपोआप पुसतो. तेवढ्यात ती होममध्ये कॉपी करून, कर्नेलचा लॉग आणि मेसाची आवृत्ती जोडून मेसाच्या बग नोंदणीत द्यावी. प्लेअरचे नाव आणि कोणता व्हिडिओ चालू होता तेही लिहावे.